हवा लागली की पेट घेते!



मोबाईलच्या बॅटरीमुळे लिथियम हे नाव आता घरोघरी पोचले आहे. रसायनाच्या कारखान्यात मात्र हा धातू निराळ्याच रूपात राबतो. लिथियम थेट कार्बनला जोडलेल्या संयुगांना ऑर्गॅनोलिथियम म्हणतात. १९१७ साली जर्मनीत श्लेंक आणि होल्ट्झ या दोघांनी ती प्रथम तयार केली.

यातला कार्बन मोठा अधाशी. दुसऱ्या रेणूत जागा दिसली की तिथे जाऊन चिकटतो. कार्बनला कार्बन जोडूनच औषधाचा मोठा रेणू उभा राहतो, म्हणून औषधवाल्यांना तो हवाच असतो. एचआयव्हीवरचे एफाविरेन्झ याच रसायनांच्या मदतीने बनवले गेले. बुटांच्या सोलचे आणि रस्त्याच्या डांबरात मिसळायचे एक रबरही ब्युटिल-लिथियमपासून सुरू होते. म्हणजे आपण त्यावर चालतोसुद्धा!

पण हा अधाशीपणा हवेतल्या प्राणवायूला आणि ओलाव्यालाही सोडत नाही. टर्शरी-ब्युटिल-लिथियम तर हवा लागताच पेटते. म्हणून ते नायट्रोजन किंवा आर्गॉन वायूखाली, रबरी बुचाच्या बाटलीत ठेवतात आणि सुईने काढतात.

२९ डिसेंबर २००८ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २३ वर्षांची एक संशोधन साहाय्यक हेच द्रव प्लास्टिकच्या सिरिंजने काढत होती. सिरिंजचा दट्ट्या निसटला. अंगावर कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता, प्रयोगशाळेचा कोट नव्हता. स्वेटरने पेट घेतला. १८ दिवसांनी ती गेली. पोर हुशार होती, पण हे काम कसे करायचे हे तिला धड शिकवले होते का, हा खरा प्रश्न. राज्याच्या कामगार-सुरक्षा खात्याने विद्यापीठाला दंड केला. २०११ मध्ये तिच्या प्राध्यापकावर फौजदारी गुन्हा दाखल झाला. २०१४ मध्ये खटला तडजोडीने थांबला: १०,००० डॉलर आणि ८०० तास समाजसेवा. तुरुंग नाही.

आपली मुले-मुली बी.एस्सी. होऊन रसायनाच्या कंपनीत लागतात. पहिल्या दिवशी त्यांनी बेधडक विचारावे: हे काम आधी कोण करून दाखवणार? आग न धरणारा कोट कुठे आहे? शॉवर किती पावलांवर? सांडलेल्या द्रवावर पाणी चालत नाही, कोरडी वाळू लागते. पण माणसाचे कपडे पेटले तर त्याला तत्काळ शॉवरखाली न्यायचे. आणि नायलॉन-टेरिलीन घरी ठेवून सुती कपड्यांत कामाला जावे, मग कोणी हसले तरी हसू द्या.