राखीव पोर्ट? कोणासाठी राखीव?

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. शनिवारी रात्री एका क्लायंटच्या मेल सर्व्हरवर पॅचेस टाकले आणि मशीन रीबूट केलं. बाकी सगळं वर आलं, फक्त डोव्हकॉट ९९३ वर उभा राहीना. "ॲड्रेस ऑलरेडी इन यूज." काम आमच्या टीममधल्या नवीन पोराकडे होतं. त्याने नेटस्टॅट लावून ९९३ वर कोण ऐकतंय ते पाहिलं. कोणीच नाही! शेवटी घाबरून त्याने पुन्हा रीबूट केलं आणि सगळं सुरळीत. सोमवारी मीटिंगमध्ये एकच प्रश्न, "तू नक्की काय बदललंस?" रिपोर्टात कारण पडलं: मानवी चूक.

चूक मानवीच होती, पण या पोराची नव्हती. ती १९८०च्या दशकातली आहे.

नशिबाने रीबूटच्या आधी त्याने सगळ्या कनेक्शन्सची यादी फाइलमध्ये ठेवली होती. ती उघडली आणि चोर सापडला. मेल साठवायला एनएफएस होतं. आपल्या मशीनवरच्या ९९३ वरून एनएफएस सर्व्हरच्या २०४९ ला कनेक्शन जोडलेलं, आणि प्रोसेसच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. कारण ते पोर्ट कुठल्या प्रोग्रामने नाही, खुद्द कर्नलने धरलं होतं. ते 'ऐकत' नव्हतं, म्हणून ऐकणाऱ्यांच्या यादीत दिसलं नाही. मेलचे फोल्डर एनएफएसवर असल्यामुळे माउंट आधी आणि डोव्हकॉट नंतर, हा क्रम ठरलेलाच. लिनक्सचा आरपीसी क्लायंट ६६५ ते १०२३ यांतलं कुठलंही पोर्ट उचलतो. म्हणजे ३५९ मधलं एक. त्या रात्री ९९३ ची चिठ्ठी निघाली.

पण त्याला १०२४ च्या खालचंच पोर्ट का हवं? तर जुन्या बर्कली युनिक्समध्ये ही पोर्ट फक्त रूटला मिळत. रूट म्हणजे जबाबदार ॲडमिन, म्हणून खालच्या पोर्टवरून आलेली विनंती विश्वासार्ह, असा हिशोब. आरलॉगिन, आरएसएच यावरच चालत. एनएफएसने तोच हिशोब उचलला. मशीन मोजकी आणि खोलीला कुलूप, तेव्हा तो ठीकही होता. आज लॅपटॉप घेणारा प्रत्येक जण स्वतःच्या मशीनवर रूट असतो. लिनक्सने तर ४.११ पासून (२०१७) ही १०२४ ची रेघ एका सेटिंगने खाली आणायची सोय दिली आहे.

तुम्ही म्हणाल, काहीच उपयोग नाही का? आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये मुलांना रूट नसेल, तर स्वतःचा एनएफएस क्लायंट लिहून दुसऱ्याचा यूजर आयडी सांगणं त्यांना जमत नाही. हे मान्य. पण त्याच लॅबच्या वायरीला कोणी आपला लॅपटॉप लावून तिथल्या मशीनचा आयपी घेतला, की संपलं.

आणि या एवढ्याशा फायद्यासाठी आपण मोजतो काय? २००६ मध्ये कर्नलची खालची मर्यादा ६६५ वर न्यावी लागली, कारण काही हार्डवेअरचं मॅनेजमेंट कार्ड ६६४ वर बसलेलं असतं. डेबियन, सुसे यांनी 'ही पोर्ट उचलू नका' अशी यादीच केली. तीत सीयूपीएसचं ६३१, आरसिंकचं ८७३, आपलं ९९३ सुद्धा. पण ती यादी लायब्ररी वाचते, कर्नल नाही! पोर्टरिझर्व्ह नावाचा प्रोग्राम आहे, तो सर्व्हिस येईपर्यंत पोर्ट धरून बसतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसा. डब्यावर 'राखीव' लिहिलेलं असूनही रुमाल टाकावा लागत असेल, तर पाटी काढलेली बरी.

माझं म्हणणं सरळ आहे. माउंट करताना 'नोरिझर्व्हपोर्ट' द्या आणि सर्व्हरवर 'इनसिक्युअर' लावा. हा शब्द बघूनच ऑडिटवाले दचकतात. पण त्याचा अर्थ एवढाच, की क्लायंटचं पोर्ट १०२४ च्या खाली आहे का ते तपासू नका. ॲमेझॉनच्या ईएफएसच्या शिफारशीतही 'नोरिझर्व्हपोर्ट' आहे. खरी सुरक्षा हवी तर कर्बेरॉस आहे, आणि २०२२ पासून आरपीसीवर टीएलएसचं स्टँडर्डही आहे. जमेल तिथे एनएफएसची चौथी आवृत्ती वापरा, म्हणजे सर्व्हरचं एक २०४९ उघडलं की भागतं. १११ वर पोर्टमॅपरला विचारत फिरायला नको.

लॅबसारखी परिस्थिती असेल आणि कर्बेरॉस शक्य नसेल, तर जुनं राहू द्या. पण निदान माउंटच्या आधी कर्नलची ती मर्यादा ९९५ च्या वर न्या. पोर्ट कमी उरतील, म्हणून माउंट किती आहेत ते आधी मोजा.

असो. रिपोर्टातली 'मानवी चूक' बदला, असा मेल मी ती यादी जोडून पाठवला आहे. उत्तर अजून नाही. त्या पोराचं अप्रेझल पुढच्या महिन्यात आहे, म्हणून सोमवारी पुन्हा पाठवणार.