‘शाळा’ अजून भरते का?

घरात कोणी टीनएजर असेल, तर त्याच्या वाढदिवसाला हेडफोनसोबत एक ‘चांगलं’ पुस्तक द्यायची आपल्याला भारी हौस. मराठीत बहुतेक वेळा हात जातो मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’कडे. मग ते पुस्तक शेल्फवर कोरंकरकरीत पडून राहतं आणि आपण सुस्कारा सोडतो, ‘हल्लीची पोरं ना, वाचतच नाहीत!’

एक मिनिट, बॉस. २००४ साली आलेली ‘शाळा’ चौदा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली नव्हतीच. नववीतला मुकुंद जोशी, त्याची टोळी, वर्गातली शिरोडकर आणि मागे आणीबाणी. वाचून सगळ्यात हळवे झाले ते नववी कधीच मागे टाकलेले लोक. पुढे ‘गमभन’ हे नाटक आलं, २०१२ मध्ये सुजय डहाकेचा सिनेमा थिएटरला लागला, आणि आपण पुन्हा एकदा हळवे झालो. तिकडे अमेरिकेतही सॅलिंजरचं ‘द कॅचर इन द राय’ १९५१ मध्ये मोठ्यांसाठीच आलं होतं, पोरांनी ते नंतर आपलंसं केलं. एस. ई. हिंटनची केस वेगळी. ‘द आउटसायडर्स’ १९६७ मध्ये छापून आलं तेव्हा ती स्वतःच १८ वर्षांची होती!

तर मुद्दा असा, की आपण पुस्तकाबरोबर आपली स्वतःची नववीही रॅप करून देतो. समोरच्याला ती कशाला हवी असेल?

माझी भाची इंग्लिश मीडियमची. घरात फाडफाड मराठी बोलते, पण छापील देवनागरी वाचताना तिचा स्पीड बैलगाडीचा. इंग्रजीतली जाडजूड सीरिज वीकेंडला संपवणारी ही मुलगी ‘शाळा’च्या पाचव्या पानावर अडकली. मला वाटतं, खरी गोची इथेच आहे. गोष्ट जुनी झालीय की नाही हा प्रश्न नंतरचा, आधी तिथपर्यंत पोचायला तर हवं! मग आम्ही जेवणं झाल्यावर रोज दहाएक पानं मोठ्याने वाचायला लागलो. मी वाचायचं, तिने ऐकायचं. (फोन बाजूला ठेवायचा नियम दोघींनाही. माझेच हाल जास्त झाले.)

आणि गाडी सुटली की! सरांच्या नकला, टोपणनावं, घरच्यांना मारलेल्या थापा, यातलं काहीही तिला समजावून सांगावं लागलं नाही. आणीबाणी मात्र सांगावी लागली. जून १९७५ ते मार्च १९७७, एकवीस महिने, पेपरवर सेन्सॉरशिप, विरोधी नेते तुरुंगात. त्यावर तिचा प्रश्न : ‘म्हणजे सगळा देशच शाळेसारखा? गप्प बसा, रांगेत उभे राहा?’ मी हे पुस्तक दोनदा वाचलंय, असं काही मला सुचलं नव्हतं.

पण मजा पुढे आली. बांधकाम चालू असलेल्या बिल्डिंगमध्ये बसून पोरं येणाऱ्या-जाणाऱ्या मुली बघतात, कोणाची ‘लाइन’ कोण ते ठरवतात, तो भाग. आमच्या पिढीने तो गोड म्हणून वाचला. भाचीने कपाळाला आठ्या घातल्या. ‘मावशी, हे क्रीपी आहे. त्या मुलींना कोणी विचारलं का?’ मी बोकीलांची बाजू घेतली. म्हटलं, अगं, सगळी गोष्ट जोशी सांगतोय, चौदा वर्षांच्या मुलाला जेवढं दिसतं तेवढंच त्यात येणार. तिला ते पटलं, आवडलं मात्र नाही. आणि तरी दुसऱ्या दिवशी पुढची दहा पानं ऐकायला तीच आधी येऊन बसली होती.

पुस्तक टीनएजरशी अजून बोलतं म्हणजे काय? माझ्या मते, त्याला भांडावंसं वाटेल इतकं ते जिवंत असतं. ‘छान आहे’ म्हणून मिटून ठेवलेलं पुस्तक मला जास्त काळजीचं वाटतं.

म्हणून या वेळी गिफ्ट देताना ‘आमच्या वेळी’वाली प्रस्तावना गाळा. वाचायला जड जात असेल तर वाचून दाखवा, मोठं झालंय म्हणून लाजू नका. आणि ‘मग, आवडलं का?’ असं तिसऱ्याच दिवशी विचारू नका, प्लीज.

आमची ‘शाळा’ गेल्या आठवड्यात संपली. शेवट सांगत नाही. भाचीने सध्या हीच गोष्ट शिरोडकरच्या बाजूने लिहायला घेतलीय. इंग्रजीत, पण शिव्या मराठीतच आहेत.