माया होती, माहिती नव्हती

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की दिवसातून कितीतरी वेळा चोचीने अंडी फिरवते, हे आपल्या घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. माहिती खरी आहे. पण हीच माहिती आम्ही कासवाच्या अंड्यांना लावली आणि चुकलो. ती चूक आज सांगतो, म्हणजे तुमच्या हातून घडणार नाही.

मालवणच्या किनाऱ्याला आमचे घर आहे. परड्याची वई ओलांडली की पुळण. काही वर्षांपूर्वी जानेवारीत वईजवळ माडाच्या रोपासाठी खड्डा खणताना पांढरी, गोल, पिंगपाँगच्या चेंडूएवढी अंडी लागली. कवच चामड्यासारखे मऊ. रात्री समुद्रातून आलेली कासवीण भरतीच्या रेषेवरची कोरडी वाळू शोधते. ती शोधत थेट आमच्या दारी आली होती. आमच्या लहानपणी अशी अंडी चुलीवर जात. गरिबाच्या घरी आयते मिळालेले कोण सोडणार? पण या वेळी मुले म्हणाली, खायची नाहीत, पिल्ले काढू. आम्हालाही बरे वाटले.

घमेल्यात वाळू घातली, अंडी पुसून मांडली, वर बल्ब टांगला. मुले सकाळ-संध्याकाळ मायेने अंडी फिरवत. दोन महिने झाले, एकही पिल्लू निघाले नाही. अंडी परत पुरली त्या रात्री धाकटी जेवली नाही.

पुढे एका कासवमित्राने कारण सांगितले. कासवीण अंडी घालून निघून जाते, ती उबवत बसत नाही. उबवते ती वाळू. अंडी घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ वरच्या बाजूला कवचाला चिकटतो. त्यानंतर अंडे उलटले की गर्भ मरतो. म्हणजे मुले रोज मायेने जे करत होती, त्यानेच घात झाला. वाळूच्या उष्णतेवर तर नर की मादी हेही ठरते. वाळू जास्त उबदार असेल तर माद्या, थंड असेल तर नर. आमच्या बल्बला ते काय कळणार?

जाणकार माणसे अंडी हलवतात, पण लवकरात लवकर, न उलटता, आणि दीडेक फूट खोल तसाच खड्डा करून त्यात ठेवतात. पिल्ले साधारण ४५ ते ६० दिवसांत बाहेर येतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ साली सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन हे काम सुरू केले. आपल्या वेंगुर्ल्याच्या वायंगणीतही ते चालते. ओडिशात २०२१ साली खुणेचा बिल्ला लावलेली एक कासवीण २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर आली. तिच्या १२० अंड्यांतून १०७ पिल्ले निघाली. माहितीने केलेल्या कामाचे हे फळ.

तेव्हा परड्यात किंवा पुळणीवर अंडी दिसली, तर हात लावू नका. उघडी पडली असतील तर तीच वाळू हलक्या हाताने वर लोटा. खूण करा, कुत्री हाकला आणि वनखात्याला कळवा. त्यांचा मदत क्रमांक १९२६ आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने समुद्री कासवाची अंडी घरी ठेवणे गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. पिल्ले निघालीच तर बादलीत भरू नका. घराचे दिवे मालवा, कारण उजेड दिसेल तिकडे ती धावतात, आणि त्यांना स्वतःच्या पायांनी पाण्यात जाऊ द्या.

मुलांची माया मारू नका. तिला माहितीची जोड द्या. आमची धाकटी आता वईपाशी वाळूत पाऊलखुणा दिसल्या की आधी आम्हाला हाक मारते, कुदळ आणायला धावत नाही.