कारखान्यातून आलेला आवाज

गायक ओझी ऑस्बर्न 22 जुलै 2025 ला गेला, तेव्हा हेवी मेटलही त्याच्याबरोबर संपलं असं पुष्कळांनी म्हणून टाकलं. मला ते साफ अमान्य आहे. त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या बँडने हे संगीत उभं केलं ते बर्मिंगहॅमसारख्या कारखान्यांच्या गावात. बँडचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटं नेमकी हीच. पठ्ठ्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैलही केल्या आणि तो जड, खोल आवाज आणखी खाली उतरला. उद्यमबागेत फाउंड्रीत नाहीतर लेथवर उभ्या राहणाऱ्या बेळगावच्या पोरांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. आजही या संगीतात जीव आहे. दिल्लीच्या 'ब्लडीवूड' बँडने ढोल आणि बासरी घेऊन 2019 मध्ये जर्मनीतला वाकेन महोत्सव गाजवला. मोठे कार्यक्रम मात्र आपल्यापासून लांब. 'आयर्न मेडन' 2007 मध्ये आणि 'मेटॅलिका' 2011 मध्ये बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेले. निपाणीच्या पोराला त्यासाठी रात्रभराचा प्रवास. गणपतीत ढोल-ताशा मनापासून उचलून धरणाऱ्या बेळगावात कन्नड-मराठी पोरांच्या बँडला वर्षातून एक संध्याकाळ तरी चांगलं सभागृह मिळायलाच हवं, आणि तेही परवडेल अशा भाड्यात.