लिहिलंस ते वाचून दाखव

आमच्या वस्तीला अजून सेटलमेंटच म्हणतात. पत्ता सांगितला की काही रिक्षावाले आधी आरशातून बघतात, मग मीटर टाकतात. मी महापालिकेच्या शाळेत शिकवते, केसांत पांढरं आलंय, तरी ती नजर चुकत नाही.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड, ‘सेटलमेंट’मध्ये, माणसं कोंडली गेली. त्यांत आम्ही कैकाडीही होतो. आज्जी सांगायची, गिरणीत कामाला जायचं तरी हजेरी द्यावी लागे. आप्पा त्या कुंपणातच जन्मले. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, आम्ही ‘विमुक्त’ झालो.

या कोंडण्यामागे अभ्यासही होता, हे विसरू नये. मायकेल केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने १९०८ मध्ये मुंबई इलाख्यातल्या ‘गुन्हेगार’ जमातींवर आख्खं पुस्तक लिहिलं. कोण कसं दिसतं, काय बोलतं, चोरी कशी करतं, सगळं शिस्तीत. आमची माहिती आमच्याकडूनच घेतली आणि आमच्यावरच वापरली.

मी कॉलेजात असताना एक बाई वस्तीत आल्या. मानववंशशास्त्राच्या संशोधक होत्या. आज्जी तुरकाट्यांची पाटी विणत बसली होती. बाईंनी टेपने पाटी मोजली, देव विचारले, लग्नातले विधी विचारले, वहीची पानं भरली. आज्जीने काडी दातात धरून ऐकून घेतलं आणि म्हणाली, “लिहिलंस ते वाचून दाखव की.” बाई गोड हसल्या. वही मिटली. प्रबंध झाला असेलही. आमच्यापर्यंत त्याचं पान आलं नाही.

अभ्यासाला वस्तीत आलेली माणसं वाईट नव्हती. पण आम्हाला रोज नडतं ते वेगळंच. नागपुरातला कैकाडी अनुसूचित जातीत, सोलापुरातला विमुक्त जातीत. बोली तीच, पाटी तीच, मधे फक्त जिल्ह्याची हद्द. त्यात जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा हवा. ज्यांना सरकारनेच तारेत डांबलं होतं, त्यांनी सरकारला विचारायचं, आम्ही कुठं राहत होतो! आमच्याच सोलापूरच्या बाळकृष्ण रेणके यांच्या भटक्या-विमुक्तांसाठीच्या आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला. माझ्या लेकीचा दाखला मात्र या वर्षीही एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरत होता. “जुनं रेकॉर्ड सापडत नाही,” एवढंच ऐकायला मिळायचं.

ते सापडवलं एका पोरानं. पीएच.डी. करतो, आमच्या वस्तीवरच. आप्पांची मुलाखत घेतली आणि परत आला. एका जुन्या शाळेच्या माळ्यावर तीन दिवस धुळीत बसून त्याने जनरल रजिस्टर चाळलं. १९४८ सालची नोंद निघाली: आप्पांचं नाव, जात कैकाडी, राहणार सेटलमेंट. मुख्याध्यापकांची सही-शिक्क्याची नक्कल घेऊन तो संध्याकाळी दारात उभा. आप्पांनी चष्मा पुसला आणि ती ओळ दोनदा वाचायला लावली.

विद्यापीठांकडे माझं मागणं एवढंच. वस्तीवर प्रबंध करायचा तर त्याची मराठी प्रत वस्तीत आली पाहिजे, मंजुरीच्या आधी. आणि कागदपत्रं धुंडाळताना ज्या घराची नोंद हाती लागेल, तिची नक्कल त्या घरी पोचवणं हा संशोधनाचाच भाग धरावा. त्याचे गुण द्यावेत, हवं तर. पोराच्या गाईडला मात्र ते तीन दिवस ‘वेळेचा अपव्यय’ वाटले म्हणे.

अडचण संपलेली नाही. रजिस्टरात आप्पा ‘भिमा’ आहेत, आधारवर ‘भीमराव’. त्या एका फरकापायी शपथपत्र करावं लागणार. उद्या नोटरीकडे जातोय. पोरगाही येतो म्हणालाय, साक्षीदार म्हणून सही करायला.