डिंकाचे लाडू आणि सव्वा महिना

बाळंतपण म्हटलं की आपल्या घरांमध्ये दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, "आमच्या वेळी असंच केलं, आम्हाला काय झालं?" दुसरी पार्टी, म्हणजे बहुतेक वेळा आपण, मोबाईल उघडून बसतो आणि आजीच्या प्रत्येक वाक्याला "ह्याला पुरावा काय?" विचारतो. मधल्या मधे जी बाळंतीण पडलेली असते तिला कुणीच काही विचारत नाही!

माझं मत आधीच सांगून टाकतो. हे घरगुती उपाय सगळेच्या सगळे डोळे मिटून घ्यायचे नाहीत, आणि सगळेच्या सगळे फेकायचेही नाहीत. दहा वर्षं जुना कोड हातात आला तर आपण काय करतो? ओळ न ओळ वाचतो. कुठली ओळ कशासाठी लिहिली असेल ते बघतो आणि मगच हात लावतो. इथेही तेच करू.

पहिली ओळ, लाडू. डिंक, खारीक, खोबरं, खसखस, गूळ, तूप. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात, असं आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. बाळाला एका हातावर घेऊन दुसऱ्या हाताने खाता येईल असा पौष्टिक पदार्थ म्हणून लाडवाला तोड नाही. डिंकाने "हाडं भरून येतात" वगैरे सोडून द्या, पण भूक मात्र नक्की भागते. अळिवातही लोह चांगलं असतं, त्यामुळे नारळ-गूळ घालून केलेले अळिवाचे लाडू खुशाल खावेत. फक्त ते गोळ्यांच्या ऐवजी नकोत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाच्या गोळ्या घ्यायला सांगतात ते उगीच नाही.

दुसरी ओळ, पोट बांधणं. गर्भाशय आपलं आपणच आकुंचन पावतं. बाळ अंगावर पितं तेव्हा त्याला आणखी मदत होते, आणि साधारण सहा आठवड्यांत ते जवळपास पूर्ववत होतं. कापड बांधून ते लवकर आत जात नाही. पण उठता-बसता आधार वाटत असेल तर सैलसर बांधायला हरकत नाही. मालिशचंही तसंच. बरं वाटतं, अंग मोकळं होतं, हेही काही कमी नाही. सिझेरियन झालं असेल तर टाक्यांपासून लांब, आणि डॉक्टरांना विचारून.

आता ज्या ओळी डिलीट करायच्या त्या. "पाणी कमी पी, पोट सुटेल" ही सगळ्यात वाईट. दूध काय हवेतून तयार होतं? तहान लागेल तेवढं पाणी प्यायलाच हवं. दुसरी म्हणजे चीक काढून टाकणं. पहिल्या तासाभरातच बाळाला अंगावर घ्यावं. तिसरी म्हणजे बाळाच्या जिभेवर मध. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, त्यातून बॉट्युलिझम हा दुर्मिळ पण जीवघेणा आजार होऊ शकतो. आणि चौथी, बंद खोलीत कोळशाची शेगडी.

ह्या शेगडीवरून आमच्या घरी ताईच्या बाळंतपणात चांगलंच वाजलं होतं. आजीचं म्हणणं, शेक नाही दिला तर म्हातारपणी कंबर धरेल. मी म्हटलं, "आजी, शेक दे गं, पण धूर नको. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साईड साचतो, त्याला ना वास ना रंग." शेवटी गरम पाण्याच्या पिशवीवर तह झाला. कंबरेला ऊब हवी होती, ती मिळाली. आजी दोन दिवस धुसफुसली, मग तिनेच मैत्रिणीला फोनवर सांगितलं की पिशवी बरी, राख काढावी लागत नाही.

ह्या भांडणात एक बाई मला नेहमी आठवते, आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि ते बाळ दहा दिवसांत गेलं. पुढे १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा प्रबंधाचा विषय घेतला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. स्वतःचं मूल गमावलेल्या बाईने जुन्या ग्रंथांकडे पाठ फिरवली नाही, आणि ते उशाशी घेऊन घरी बसूनही राहिली नाही.

पण खरा मुद्दा पुढेच आहे. ह्या सगळ्या परंपरेतलं सगळ्यात गुणकारी औषध कुठलं? माझ्या मते, सव्वा महिना. शरीर सावरायला लागणारे सहा आठवडे आणि आपला सव्वा महिना, आकडा जवळपास जुळतो बघा. सुवेर, विटाळ ह्या कल्पना चुकीच्याच, पण त्यांच्या आडून बाईला चुलीपासून सुट्टी मिळत होती. तीही सगळ्यांना नाही. मजुरीवर जाणाऱ्या बाईला कुठला आलाय सव्वा महिना?

आणि आज? माहेर लातूरला, फ्लॅट हिंजवडीत. २०१७ पासून कायद्याने तिला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, पण नवऱ्याचं काय? केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवस तरी आहेत. खाजगी नोकरीत कंपनी देईल तेवढे. मग आपण लाडू ऑनलाईन मागवतो आणि परंपरा पाळल्याचं समाधान मिळवतो! लाडू आला, पण लाडू करणारी, बाळाला घेणारी, "तू झोप गं" म्हणणारी माणसं आलीच नाहीत.

आणखी एक गोष्ट, ह्यावर मात्र तह नाही. ताप १००.४ च्या वर गेला, तासाभरात पॅड भिजायला लागला, एकच पाय सुजून दुखायला लागला, डोकं भयंकर दुखून अंधुक दिसायला लागलं, तर काढा नाही, शेक नाही, थेट हॉस्पिटल. आणि दोन आठवडे उलटूनही ती रडतच असेल, बाळाकडे बघावंसंच वाटत नसेल, तर "सगळ्यांनाच होतं" म्हणून सोडून देऊ नका. तोही आजारच आहे आणि त्यावर उपचार आहेत.

असो. ज्या मित्रांकडे येत्या काही महिन्यांत पाळणा हलणार आहे त्यांना एवढंच सांगणं की रजेचा अर्ज आत्ताच टाका. लाडू वळता येत नसतील तर राहू दे. रात्री दोनला उठून बाळाचं दुपटं बदलायला काही पाककृती लागत नाही.