प्रोटॉनचा झोत आणि रुग्णांची रांग

कर्करोगावर किरणोपचार करताना डॉक्टरांपुढे एक जुनाच पेच असतो. अर्बुद नष्ट व्हावे, पण शेजारचे निरोगी अवयव वाचावेत. क्ष-किरण शरीरात शिरतात तसे पलीकडून बाहेरही पडतात आणि वाटेतल्या सर्वांनाच कमीअधिक झळ पोचवितात. प्रोटॉनची रीत निराळी आहे. वेगाने सोडलेला हा कण वाटेत थोडी ऊर्जा खर्च करतो, ठराविक खोलीवर पोचताच उरलेली बहुतेक तेथेच रिती करतो आणि थांबतो. अणुबाँबच्या निर्मितीत सहभागी असलेले अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ साली हा गुण रोगनिवारणासाठी वापरण्याची सूचना केली. १९५४ साली बर्कले येथे पहिल्या रुग्णावर तसा उपचारही झाला.

चेन्नईतील एका खासगी रुग्णालयात २०१९ साली आलेली ही विद्या २०२३ साली आपल्या खारघरला, टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत, सरकारी खर्चाने अवतरली. याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु अशी यंत्रे थोडी आणि रुग्ण अगणित, तेव्हा रांग कोणत्या न्यायाने लावावयाची, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या मते या रांगेत पहिला मान बालकांचा. मेंदूच्या वा कण्याच्या अर्बुदावरील उपचारात वाढत्या पेशींना बसलेली झळ मुलाची बुद्धी, उंची व पुढील सारे आयुष्य खुंटवू शकते. त्यांच्यामागून, डोळा वा मेंदूचा तळ अशा नाजूक जागी रोग असलेले प्रौढ यावेत. मात्र प्रत्येक कर्करोगास प्रोटॉनच हवा, हा समज चुकीचा आहे. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाविषयी २०२४ साली जाहीर झालेल्या अमेरिकन चाचणीत प्रोटॉन व आधुनिक क्ष-किरणोपचार यांच्या परिणामांत लक्षणीय अंतर आढळले नाही. तेव्हा श्रीमंताची हौस किंवा वजनदाराची चिठ्ठी यांना येथे थारा मिळता कामा नये.

आणखी एक गोष्ट. हे उपचार कित्येक आठवडे, जवळजवळ रोज घ्यावे लागतात. गडचिरोलीच्या शेतमजुरास यंत्राचे शुल्क माफ झाले, तरी आजारी मुलाला घेऊन त्याने तोवर राहावे कोठे आणि खावे काय? निवाऱ्याची ही सोय शासनाने उपचाराचाच भाग मानली पाहिजे. झोत मिलिमीटरच्या हिशेबाने अचूक पडतो; तो योग्य रुग्णावर पडेल, हे पाहणे मात्र यंत्राचे काम नव्हे, ते समाजाचे आहे.